लाल पट्टीपर्यंत

प्रिय ठकू,

या पत्रात मला एकच विधान सिद्ध करायचे आहे आणि ते सुरुवातीलाच मांडतो: शाळेच्या अंगणात ठोकळ्यांचे घर कोसळून एका मुलीच्या खांद्याचे हाड मोडले, त्याला तुझे शिकवणे कारणीभूत नाही. हे सिद्ध झाले, तर सोमवारच्या पालकसभेत राजीनामा देण्याचा तुझा विचार निराधार ठरतो. सिद्ध झाले नाही, तर तू तुझ्या मनाप्रमाणे कर, मी अडवणार नाही. पण पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच बाजूला ठेवून ‘बाबांचं नेहमीचंच’ असे म्हणू नकोस. नेहमीचे जे आहे ते आधीच्या पानांवर आहे, शेवटच्या पानावर नाही.

दुसऱ्याचे म्हणणे खोडून काढण्यापूर्वी ते त्याच्याहून चांगले मांडता आले पाहिजे, असे मी वर्गात सांगत असे. म्हणून आधी तुझी बाजू. फोनवर तू म्हणालीस, “बाबा, मी त्यांना बांधायला शिकवलं म्हणून त्यांनी बांधलं. सगळ्या शाळांसारखी फुलं-पानं रंगवायला दिली असती, तर कुणाचं काही मोडलं नसतं.” मुलीचे वडील शाळेच्या फाटकापाशी सर्वांदेखत म्हणाले, की चार-पाच वर्षांच्या पोरांना आत्तापासून इंजिनियर करायचंय का. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, “तुझा हेतू चांगलाच होता गं, पण.” त्या ‘पण’पुढे त्या काही बोलल्या नाहीत, आणि ती रिकामी जागा तू गेला आठवडाभर स्वतःच्याच दोषांनी भरत आहेस. तुझा युक्तिवाद थोडक्यात असा: बांधकामाचा धडा नसता, तर बांधकाम झाले नसते, बांधकाम झाले नसते, तर अपघात झाला नसता, म्हणून दोष धड्याचा. यात पहिली दोन विधाने खरी आहेत. तिसरे त्यांतून निघत नाही. पायऱ्या नसत्या तर पायरीवरून कुणी पडले नसते, म्हणून पायऱ्या बांधणाराच दोषी, असे आपण म्हणत नाही. आपण विचारतो, की पायरी तुटकी होती का, आणि ती तुटकी असताना धड आहे असे कुणी सांगितले होते का.

आता मी जे पाहिले ते सांगतो. तुझी मदतनीस बहिणीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेली आणि तू मला काही दिवस वर्गात यायला सांगितलेस, तेव्हा तुझ्या आईने तुला सावध केले होते. “त्यांना नेऊ नकोस. पोरांकडे व्याख्या मागत बसतील,” असे ती म्हणाली. तिचे म्हणणे पहिल्याच सकाळी खरे ठरले. मुले चटईवर बसली होती, तू खोकी उघडत होतीस आणि मी विचारले, मजबूत म्हणजे काय? एकाने सांगितले, “माझा काका.” एकीने सांगितले, “जे पडत नाही ते.” आणि सगळ्यात शेवटी, अजून बुटाच्या बंदाशी झटापट करत असलेला तो मुलगा, ज्याला तुम्ही सगळे कासव म्हणता, मान वर न करता म्हणाला, “पडलं तरी रडत नाही ते.” तू माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्यास. मला त्या उत्तराचे खंडन सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

तुझ्या पद्धतीविषयी माझ्या मनात शंका होत्या, हे मान्य करतो. मला वाटले होते, की तू मुलांना गोष्टी सांगशील, शेवटी तात्पर्य सांगशील आणि मुले ते घोकतील. तू तसले काहीच केले नाहीस. तू ठोकळे एकावर एक रचून भिंत करायला दिलीस आणि उशीने तिला ढकललेस. सरळ उभ्या रांगांत रचलेली भिंत फाटत गेली. मग कुणाच्या तरी हातून ठोकळा चुकून दोन ठोकळ्यांच्या मध्यावर बसला, आणि ती जागा फाटेना. तू फक्त विचारलेस, “इथून का नाही पडलं?” त्या दिवसापासून प्रत्येक भिंतीत वरचा ठोकळा खालच्या सांध्यावर बसू लागला. वर्तमानपत्राच्या सुरळ्यांचा चौकोन त्यांनी मातीच्या गोळ्यांनी जोडला आणि तो एका बाजूला कलंडून चपटा झाला. मग एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकी सुरळी घातल्यावर तो हलेनासा झाला. त्या तिरक्या सुरळीला त्यांनी ‘हट्टी काडी’ असे नाव दिले. माझ्या मते पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही संज्ञेपेक्षा ते नेमके आहे.

आणि पडण्याविषयीची तुझी शिस्त. घर पडले, की कुणी हसायचे नाही, कुणी चुकचुकायचे नाही. सगळ्यांनी जवळ यायचे आणि तू विचारायचीस, “आधी कुठून गेलं?” मग मुले पालथी पडून तुटलेला सांधा शोधायची, जणू काही हरवलेला मणी शोधत आहेत. मी आयुष्यभर तरुणांना सांगत आलो, की आपले म्हणणे कुणी खोडले तर तो आपला अपमान नसतो. ते त्यांना पटले, असे मला कधी वाटले नाही. तुझी मुले ते मातीने माखलेल्या बोटांनी शिकत होती. मी त्या कोपऱ्यात लहानशा खुर्चीवर गुडघे हनुवटीला टेकवून बसलो होतो आणि मला तुझा अभिमान वाटत होता. हे मी तुला तेव्हा सांगितले नाही. माझ्या विधानाशी त्याचा थेट संबंध नाही, पण नोंद असावी.

घरांची परीक्षा तीन प्रकारची होती. पंख्याचा वारा, झारीचे पाणी आणि भूकंप. भूकंप मी होतो, मुलांचे ‘आजोबा’. खोक्याच्या उथळ झाकणात काचेच्या गोट्या, त्यांवर लाकडी ट्रे, ट्रेवर घर आणि ट्रेच्या दोन्ही कडा माझ्या हातात. पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आले, की मी सगळ्यांचे घर सारखेच हलवतो याला काहीच आधार नाही. म्हणून मी टेबलावर दोन्ही बाजूंना लाल चिकटपट्टी लावली. ट्रे एका पट्टीला टेकला पाहिजे, मग दुसऱ्या पट्टीला, आणि मुलांचे गाणे संपेपर्यंत हे चालले पाहिजे. तू हसलीस. घरी गेल्यावर तुझ्या आईला कळले तेव्हा ती म्हणाली, “आले आमचे भूकंप. हात धुऊन या, ताटं हलवू नका म्हणजे झालं.” मुलांनी मात्र ती पट्टी मनावर घेतली, विशेषतः एका मुलीने. तिला तुम्ही वकीलबाई म्हणता, कारण ती प्रत्येक खेळाआधी नियम विचारते आणि नंतर तेच नियम इतरांना ऐकवते. तिने मला पट्टीचे कारण विचारले. मी तिला सांगितले, की सगळ्यांना सारखाच धक्का मिळाला पाहिजे, नाहीतर घर मजबूत होते की मी हळू होतो हे कळणार नाही. ती म्हणाली, “म्हणजे तुमची पण परीक्षा.” तेव्हापासून ती प्रत्येक भूकंपाला टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून बसायची आणि ट्रे पट्टीला लागला की मोठ्याने सांगायची, “लागली.” दुसऱ्या बाजूला, “लागली.” सगळ्या मुलांची नजर घरावर असे. तिची पट्टीवर असे.

आता कासव. त्याचे घर तुला आठवतेच. चार उंच सुरळ्या आणि त्यांवर पुठ्ठ्याचे छप्पर, भिंती नाहीत. मी विचारले, इतके उंच कशाला? त्याने सांगितले, की हे कुत्र्याचे घर आहे, आणि कुत्र्याला उभं राहून शेपूट हलवता आली पाहिजे. त्याच्या घरी कुत्रा नाही. घर मालकाचे आहे आणि मालक परवानगी देत नाही, असे तू मला नंतर सांगितलेस. ते घर रोज पडायचे. तू विचारायचीस, “आधी कुठून गेलं?” तो बरोबर सांधा दाखवायचा, पण हट्टी काडी लावायला तयार नसायचा, कारण काडी लावली तर कुत्रा आत कसा जाणार? मी एकदा तुझ्या कानाशी म्हणालो, की तीन बाजूंना काड्या लावून चौथी मोकळी ठेवता येईल, सांगू का त्याला? तू म्हणालीस, “थांबा बाबा. त्याला दिसेल ते. जवळ आलाय तो.” तुझे म्हणणे बरोबर होते. त्या शेवटच्या परीक्षेच्या सकाळी त्याच्या हातात तीन आखूड सुरळ्या होत्या. तीन, चार नाही. त्याने त्या अजून चिकटवल्या नव्हत्या. घराभोवती फिरत एकेका बाजूला धरून बघत होता. तेवढ्यात त्याची पाळी आली आणि त्याने त्या खिशात कोंबल्या.

त्या परीक्षेत त्याचे घर उभे राहिले. तू त्यावर कागदी चांदणी चिकटवून ते खिडकीतल्या फळीवर ठेवलेस. हा मुद्दा मी इथे सोडतो आहे, पण विसरलेलो नाही.

त्यानंतरचे मी पाहिलेले नाही, तुझ्याकडून ऐकलेले आहे. मधल्या सुट्टीत कासवाने अंगणातले मोठे पोकळ लाकडी ठोकळे घेऊन चार खांब रचले, आपल्या डोक्याहून उंच. वाळूच्या हौदाची फळी मोठ्या मुलांकडून वर ठेवून घेतली. तिरका आधार कुठेही नाही. वकीलबाई कुत्रा होऊन आत बसली. कुणीतरी पळताना खांबाला धडकले, आणि फळी तिच्या खांद्यावर आली.

आता कारणांची छाननी करू. ठोकळे सदोष होते का? नव्हते. ते गेली काही वर्षे अंगणात आहेत आणि मुले त्यांच्याशी रोज खेळतात. देखरेख कमी पडली का? तू पाठ फिरवलीस, कारण एका मुलाच्या नाकातून रक्त येत होते. त्या क्षणी तू त्याच्याकडे गेली नसतीस, तर आज दुसऱ्या पालकांनी तुला तेच विचारले असते. फळी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवायला हवी होती, हे खरे. ते सभेत मान्य कर, पण तो व्यवस्थेचा दोष आहे, धड्याचा नाही. मग धडा सदोष होता का? तुझ्या धड्याचे सार असे: आधाराशिवाय उंच खांब कलंडतात, तिरका आधार त्यांना धरतो, आणि शंका असेल तर हलवून बघावे. यातले एकही वाक्य खोटे नाही. ज्या मुलाने हा धडा आठवडाभर घेतला, ज्याला दुबळा सांधा कुठला हे रोज बरोबर दाखवता येत होते, त्याच मुलाने अंगणात एकही तिरका आधार का लावला नाही? धडा त्याला समजला नव्हता, असे म्हणणे सोपे आहे. पण त्या सकाळी त्याच्या खिशात तीन सुरळ्या होत्या. तो समजण्याच्या उंबरठ्यावर होता. मग तिथून तो मागे का फिरला?

हे विचारायला मी शनिवारी वकीलबाईच्या घरी गेलो. तुला सांगितले नव्हते. रंगीत खडूंची पेटी घेऊन गेलो. तिचा उजवा हात झोळीत आहे, हे पेटी तिच्या पुढ्यात ठेवल्यावर माझ्या लक्षात आले. ती म्हणाली, “असू दे. डाव्या हाताने वेडंवाकडं येतं, पण मला चालतं.” तिची आई स्वयंपाकघरात भांडी विसळत होती आणि माझ्याशी मोजकेच बोलली, तो तिचा हक्क आहे. मी मुलीला विचारले, की तुला ते घर पडेल असे वाटले नाही का? ती म्हणाली, “वाटलं होतं. मी त्याला म्हटलं, हट्टी काड्या कुठायत? तर तो म्हणाला, नाही लागत. माझं घर आजोबांनी पास केलंय.” मग ती पेटीच्या झाकणाची उघडझाप करत राहिली आणि म्हणाली, “आणि तुम्हीच म्हणालात ना, पट्टी नाही बघायची, घर बघायचं. म्हणून मी घर बघितलं. ते पास झालेलं होतं. मग मी आत बसले.”

ठकू, आता ती सोडून दिलेली गोष्ट.

त्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आपण दोघे वर्गातल्या मोरीत गोंदाच्या वाट्या धूत होतो. तू हसत हसत म्हणालीस, “बाबा, तुम्ही आयुष्यात कुणाला एकदा तरी सोडलंय का हो? मला बुद्धिबळात एकदाही जिंकू दिलं नाहीत.” मी म्हणालो, जिंकू दिलेला डाव जिंकलेला नसतो. तू म्हणालीस, “हो, पण सात वर्षांच्या पोरीला ते कुठे कळतंय? तिला एवढंच कळतं, की बाबा आपल्याबरोबर खेळत नाहीत, आपली परीक्षा घेतात.” तू ते रागाने म्हणाली नाहीस. वाटी पुसून पालथी घातलीस आणि दुसऱ्या विषयाकडे वळलीस. मी मात्र घरी येईपर्यंत आणि आल्यावरही त्याच वाक्याशी वाद घालत होतो, आणि हरत होतो.

दुसऱ्या दिवशी कासवाने ट्रेवर घर ठेवले. त्याने माझ्याकडे पाहिले. तो विनवणी करत नव्हता. त्याने नुसते पाहिले, जसे पडणार हे ठाऊक असलेला माणूस पाहतो. मुलांनी गाणे सुरू केले आणि मी ट्रे हलवायला लागलो. ट्रे पट्टीपर्यंत गेला नाही. डाव्या बाजूला दोन बोटे अलीकडे थांबला, उजव्या बाजूलाही. माझ्या हातांनी तो थांबवला, आणि हात माझेच होते. या वाक्यात दुसरा कर्ता शोधण्यात अर्थ नाही. घर डुलले, पण उभे राहिले. गाणे संपले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तू वर्गाच्या त्या टोकाहून माझ्याकडे पाहिलेस आणि हसलीस, आणि नंतर जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस, “बाबा, आज तुम्ही मस्त होता.” तुझ्या लहानपणापासून आजवर असे तू मला कधी म्हणाली नव्हतीस.

त्या सगळ्या वेळात वकीलबाई एकदाही “लागली” म्हणाली नाही. टाळ्या थांबल्यावर ती म्हणाली, “आजोबांनी हळू हलवलं.”

मी तिला काय उत्तर दिले ते तू ऐकलेस, पण ते काय होते हे तुला कळले नसेल. मी तिला विचारले, तू घराकडे बघत होतीस की पट्टीकडे? ती म्हणाली, “पट्टीकडे.” मग घर कसे हलले ते तू पाहिले नाहीस? “नाही.” मग ज्याने घर पाहिलेच नाही, त्याने घराविषयी बोलावे का? मुले हसली. तिला उत्तर सुचले नाही. सुचणार कसे? ती घराविषयी काही बोललीच नव्हती. ती ट्रेविषयी बोलली होती, आणि मी वादाचा विषयच बदलला होता. हीच लबाडी उत्तरपत्रिकेत दिसली, की मी समासात लाल रेघ ओढत असे आणि एकही गुण देत नसे. ती मी एका पाच वर्षांच्या मुलीवर वापरली, सफाईने, आणि जिंकलो. तू तिला जवळ घेऊन म्हणालीस, “दुसऱ्याचं घर उभं राहिलं, की आपण पण टाळ्या वाजवायच्या असतात.” तिने वाजवल्या. माझ्याकडे बघत वाजवल्या.

आणि कासवाने खिशातल्या तीन सुरळ्या काढून पुन्हा डब्यात टाकल्या. हे मी पाहिले. तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही, कारण मला तो लावायचा नव्हता. तू आठवडाभर त्याला पडू दिलेस, म्हणून तो उत्तरापाशी पोहोचला होता. मी त्याला पडू दिले नाही, म्हणून त्याला उत्तराची गरज उरली नाही. तुझा धडा त्याने अगदी नीट पाळला: जे घर हलवल्यावर उभे राहते ते मजबूत. त्या धड्यातली फक्त एक परीक्षा खोटी होती, आणि ती माझ्या हातांत होती.

तुझ्या आईला मी शनिवारी रात्री जेवताना हे सांगितले. ती म्हणाली, “मला सांगून मोकळे होऊ नका. पोरीला सांगा.” मी दोनदा फोन केला. तू “बोला बाबा” म्हणालीस आणि मी हवेतल्या गारठ्याविषयी बोललो. दुसऱ्यांदा तू विचारलेस, की माझ्या शिकवण्यात नेमकं काय चुकलं असेल, तुम्हाला काही दिसलं होतं का? मी म्हणालो, विचार करून सांगतो. मला विचार करायचा नव्हता. एका वाक्याचे काम होते, आणि त्या वाक्याची किंमत मला ठाऊक होती. तू माझ्याकडे पाहून जे हसलीस, ते मला परत द्यावे लागणार होते.

पण हे पत्र तुझ्या आईने सांगितले म्हणून लिहिलेले नाही, आणि माझ्या मनाचा भार उतरावा म्हणूनही नाही. त्या मुलीने लिहायला लावले. शनिवारी तिच्याकडून निघण्यापूर्वी मी तिला सांगितले, की त्या दिवशी तुझे बरोबर होते, ट्रे पट्टीला लागला नव्हता. तिला आश्चर्य वाटले नाही. ती म्हणाली, “मला माहितेय.” मग झोळीतला हात सांभाळत सावरून बसली आणि म्हणाली, “पण हे इथे सांगून नाही चालणार. तुम्ही सगळ्यांना माझ्यावर हसवलंत. मग सगळ्यांसमोरच सांगा. बाईंना पण. त्यांना वाटतं मी जळते.” या मागणीत मला कोणताही दोष सापडला नाही. म्हणून सोमवारच्या सभेत हे पत्र, निदान याचा शेवट, तू पालकांसमोर वाच. वाचवत नसेल तर मी येऊन वाचेन, तू नुसता निरोप दे. मग एक सकाळ मला वर्गात येऊ दे. तोवर कासवाचे घर फळीवरून काढू नकोस, चांदणीही राहू दे. ट्रेवर ठेवण्याआधी त्याला त्या तीन सुरळ्या हव्या आहेत का, हे त्याचे त्याला ठरवू दे. गाणे मुले म्हणतील. पट्टीपाशी वकीलबाई बसेल. आणि त्यानंतर तुला माझ्याकडे बघून हसावेसे वाटले नाही, तर ते मी गृहीत धरले आहे. विधान सिद्ध झाले आहे. राजीनाम्याचे कारण उरलेले नाही. उरले आहे ते एवढेच:

मी मान्य करतो, की कासवाच्या घराच्या परीक्षेत मी ट्रे लाल पट्टीपर्यंत नेला नाही, आणि ज्या मुलीने ते पाहिले तिचे म्हणणे खरे होते.

तुझाच,
बाबा